एकशेसाठ सांधे

येवला
३ नोव्हेंबर २०२५

सायली,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची पद्धत आहे. हात होईना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन केला असता, पण फोनवर तू "दादा, मीटिंगमध्ये आहे, मागून करते" म्हणतेस आणि ते मागून काही येत नाही. पत्र निदान मधेच कापता येत नाही.

यंदाही भाऊबीजेला आली नाहीस. ते जाऊ दे, आठ वर्षांत सवय झाली. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुझा माणूस आला. रोहित नावाचा, मुंबईच्या त्या संग्रहालयातला, जिथं तुझं ते 'ओघळ' नावाचं रेशमाचं काम टांगलेलं आहे. पोरगा गुणाचा आहे. चपला बाहेर काढल्या, पाणी प्यायला, मागाला हात जोडले. मग म्हणाला, "काका, 'ओघळ' खराब झालाय. वरचं रबर तडकलं, आतलं रेशीम तुटायला लागलंय. आम्हाला तो नवीन करायचाय. तुम्ही ताणा सांधून द्याल का?"

मी म्हटलं, "नवीन कशाला? जुना आहे तसा आणून द्या. तो माझाच आहे. प्रदर्शन झालं की परत आणून देते म्हणाली होती सायली."

पोरानं पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाला की नवीन तयार झाला की जुना नष्ट करावा लागतो. तसा नियम आहे, एका कामाचे दोन नग ठेवता येत नाहीत. नष्ट करायचा म्हणजे कापून जाळायचा आणि फोटो काढून फायलीला लावायचा. आणि तशी परवानगी तू सही करून दिलीस.

तू सही केलीस, सायली?

त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तुलाही सांगतो, विसरली असशील तर. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की त्याच्या शेपटाला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडायचा. चोवीसशे धागे. बोटाला राख लावायची, दोन टोकं धरायची, पीळ द्यायचा, पुढं सरकायचं. आणि हे चोवीसशे सांधे एका सरळ ओळीत यायला पाहिजेत, कारण ते सगळे एकदम फणीतून पार व्हायचे असतात. ओळ वाकडी गेली की धागे तुटतात, रेशीम वाया जातं. आमच्या घरात विणायचं मी आणि सांधायचं तुझ्या वहिनीनं, कुसानं. छत्तीस वर्षं. तिची ओळ कधी तसूभर हलली नाही.

२०१७च्या डिसेंबरात ती दुखण्यानं खंगली होती. नाशिकच्या दवाखान्यातल्या औषधाच्या बाटल्यांनी बोटं बधिर झाली होती. तरी म्हणाली, सांधणी मीच करणार. एका दिवसाचं काम चार दिवस चाललं, आणि ओळ वाकडी गेली. हात पुढं पोचेना, म्हणून सांधे तिच्याकडे अलीकडे-अलीकडे येत गेले. मी थोडं बोललो तिला. मग तो ताणा कापून तुला देऊन टाकला. दोन आठवड्यांत ती गेली.

तू तो रबराच्या चिकात बुडवून भिंतीला उभा टांगलास. मागावर जे 'अलीकडे' होतं ते उभं झाल्यावर 'खाली' झालं. पेपरात फोटो आला, रेशमातून ओघळत जाणारी रेघ म्हणून. त्या रेघेचं लय कौतुक झालं. मी काही बघायला आलो नाही. ती माझ्या बायकोच्या दमलेल्या हाताची रेघ होती, आणि तू ती ग्राफच्या कागदावर उतरवून खाली स्वतःचं नाव घातलंस. रोहितनं त्या कागदाची झेरॉक्स दाखवली. म्हणाला, हे पूर्वरेखाटन, यावरूनच नवीन करायचं.

काय गं, पूर्व कशाचं? ती सांधत होती तेव्हा तू शेजारी बसून पेन्सिल चालवत होतीस, मी डोळ्यांनी पाहिलंय. ती नक्कल आहे. आजारी माणसाच्या हाताची नक्कल.

मला जुना ताणा पाहिजे. दुसरं काही नको. जाळू नका.

गोरक्ष


येवला
१९ नोव्हेंबर २०२५

सायली,

तुझं उत्तर आलं. पत्राला मेसेज. "दादा, ओघळचा जीव रेशमात नाही, कागदात आहे. रेशीम बदललं तरी काम तेच राहतं. तुम्ही सांधलंत तर वहिनींनाही बरं वाटेल." आणि खाली ते हात जोडलेलं चित्र.

वा गं वा. कुसाला कशानं बरं वाटेल ते आता तू मला बडोद्याहून सांगणार. नाशिक रोडच्या क्वार्टरमधून दोन कपडे घेऊन माग शिकायला आली होतीस तेव्हा भाकरी थापता येत नव्हती तुला. तिनं हात धरून शिकवली. दोन वर्षं आमच्या वरच्या खोलीत राहिलीस आणि ती तुझं ताट वाढल्याशिवाय जेवली नाही.

मी दहावी नापास माणूस, म्हणून रोहितलाच फोन करून विचारलं की बाबा, कागदात जीव कसा असतो ते सांग. त्यानं अर्धा तास समजावलं. म्हणे पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिकडं अमेरिकेतल्या शिल्पकारांनी लोखंडाचे, पत्र्याचे साधे ठोकळे करायला घेतले. मापं लिहायची आणि कारखान्यात द्यायची, हाताचा संबंधच नको. मग त्यांच्यातलेच काही त्याला कंटाळले. त्यांनी दोर, चिंध्या, रबर, जाळी असलं मऊ सामान घेतलं आणि सोडून दिलं. लोंबतंय तर लोंबू दे, ढिलं पडतंय तर पडू दे, सडलं तर सडू दे. आता त्यातली पुष्कळ कामं सडून गेली आणि हातात राहिले त्यांचे कागद. त्यावर कुठं मापं, कुठं 'इथं पडेल तसं पडू द्यावं' असं लिहिलेलं. म्हणून त्या कागदांना एवढा मान. रोहित म्हणाला, "काका, ते नुसतं चित्र नसतं, ती परवानगी असते. कोणीही ते काम पुन्हा करावं म्हणून."

मला अगदीच पटलं नाही असं नाही. आमच्याकडंही नक्षीचा ग्राफ असतो. कागदावर एक मोर असतो आणि गावात दहा जण तो विणतात. पण सांधणीचा ग्राफ आजवर कोणी काढला होता का? सांधा तर साडी उतरवताना कापून टाकतात. आणि कोणालाही पुन्हा करता येत असेल तर माझ्या दारात कशाला आलात? करून घ्या की कोणाकडूनही!

तर माझी अट ऐक. जुना ताणा आणि तुझा अस्सल कागद, दोन्ही माझ्या घरी आले पाहिजेत. झेरॉक्स चालणार नाही. त्यात खालचा भाग कापलाय आणि बारीक चौकोन दिसत नाहीत. दोन्ही आलं तर सांधून देईन. पैशाचं बोलू नका.

आता एक खरं सांगायचं राहिलंय. मागच्या पत्रात 'थोडं बोललो' असं लिहिलं. तू वाचून हसली असशील, कारण तू तिथंच होतीस.

चौथ्या दिवशी दुपारी मी शालूच्या ऑर्डरवाल्याकडून घरी आलो. त्याच शालूचा तो ताणा होता, लग्नाची तारीख जवळ आलेली. ओळ पाहिली आणि डोकं फिरलं. मी म्हणालो, "हाताला लकवा भरला का? नाय जमत तर सांगायचं होतं. मरता मरता माझी ऑर्डर कशाला बुडवते?"

मरता मरता. हेच शब्द होते.

तिनं वर पाहिलं नाही. "व्हय, चुकलं," एवढंच म्हणाली. मी पायात वहाणा घातल्या आणि निघून गेलो. दिवस मावळताना आलो तोवर सगळे धागे पुरे झाले होते. मी त्यांच्याकडं न बघताच कात्री घातली आणि तुला म्हटलं, घेऊन जा हे, परत डोळ्यांपुढं नको.

आठ वर्षं मी त्या दोन शब्दांबरोबर जेवतोय. ज्या हाताला मी बोललो त्या हाताचं शेवटचं काम ते. पाया पडायला दुसरं काही घरात उरलं नाही, म्हणून तो ताणा पाहिजे.

गोरक्ष


येवला
११ डिसेंबर २०२५

काल रोहित खोका घेऊन आला. चार दिवसांसाठी पुण्याला जातोय म्हणाला, परत येताना नेईन. जाताना दहा वेळा बजावून गेला, "काका, कागदाला पाणी, तेल, हळद लागू देऊ नका." लहान मूल सोपवावं तसा कागद सोपवला.

खोका उघडला. डाळिंबी रेशीम होतं माझं. आता जुन्या गुळासारखं झालंय. रबराचे पापुद्रे सुटलेत, हात लावला की भाकरीच्या पदरासारखे हातात येतात. वास तर विचारूच नको. मी ते पुरतं उलगडलं नाही, भीती वाटली. खोक्यातच हात ठेवून बसलो थोडा वेळ.

मग तुझा कागद घेतला. चष्मा पुसून खिडकीशी बसलो.

सायली, मी ग्राफ वाचणारा माणूस आहे. चाळीस वर्षं दुसरं केलं काय! तू एका बारीक चौकोनाला दहा धागे धरलेत. दोनशे चाळीस चौकोन. ओळ डावीकडून सरळ निघते, साठाव्या चौकोनाला कलते, आणि मग पडत जाते. प्रत्येक चौकोनाखाली बारीक आकडा, तिथं सांधा किती अलीकडे घ्यायचा त्याचा. आणि कोपऱ्यात तारीख.

१२ डिसेंबर २०१७.

सांधणी मंगळवारी, एकोणीस तारखेला सुरू झाली. ताणा रंगाऱ्याकडून आला सोमवारी, अठराला, मी स्वतः सायकलवर आणला. बारा तारखेला ते रेशीम घरातसुद्धा नव्हतं. तारीख चुकली असेल म्हणून मी खालचं वाचलं, जे झेरॉक्समध्ये कापलं होतं. तुझंच अक्षर:

"ओळ शेवटच्या धाग्यापर्यंत पडत राहावी."

"रबर रेशीम खाईल. सात-आठ वर्षं. हरकत नाही, नवीन करता येईल."

"वहिनी तयार. त्याच सांधणार. दादांना कळू द्यायचं नाही."

तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा अक्षरं दिसेनात.

म्हणजे परत आणून देते म्हणालीस तेव्हाच तुला ठाऊक होतं की परत आणायला काही उरणार नाही. म्हणजे ती रेघ तिच्या हातातून आलीच नाही, तुझ्या कागदातून आली. म्हणजे तिचा हात चुकला नव्हता. मी लकवा म्हणालो तेव्हा ती चौकोन मोजून, ठरवून वाकडं सांधत होती. आणि तू शेजारी तोच कागद मांडीवर घेऊन बसली होतीस! मी नक्कल म्हणत होतो, तू तिला आकडे सांगत होतीस.

तुम्ही दोघींनी मला फसवलं. माझ्याच घरात, माझ्याच मागावर, माझ्याच रेशमानं. तुझं एक वेळ समजू शकतो, तू परकी होतीस. पण कुसानं "व्हय, चुकलं" म्हणावं? चुकलं नव्हतं तरी?

आज पुढं लिहवत नाही.


येवला
१२ डिसेंबर २०२५

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि तडक नवसाबाईकडे गेलो. शेजारची नवसाबाई, आमच्या रेशमाच्या कांड्या भरायची ती. आता पंचाहत्तरीची आहे, कान शाबूत. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

म्हटलं, "नवसामावशी, कुसा मुद्दाम वाकडं सांधत होती हे तुला ठावं होतं का?"

शेंगा फोडायची थांबली. "आता कळलं व्हय रं तुला?"

"म्हंजे ठावं होतं."

"व्हतं की. मीच तर धागं देत व्हते तिला हातात. कुसा म्हनली, मावशी, छत्तीस वर्सं सरळ सांधलं. कुनाला दिसलं का? साडी उतरली की माझा सांधा कापून केराच्या टोपलीत. ही पोर म्हनती, यकदा वाकडं सांधा, लोकं भितीला टांगून बघतील. मरायच्या आधी यकदा मला बघू दे सांधून."

"मग मला का नाय सांगितलं?"

"दिलं असतं का तू करू? शालूचं रेशीम?"

दिलं नसतं.

"आन मी एवढा बोललो, तवा तरी?"

"तवा बी म्हनली, पुरं हुं दे, मंग सांगू त्येला. चिडल आन मंग हसल. पर मंग तिला उठवंच ना रं. तुझं नाव घ्यायला बी ताकद नव्हती." एक शेंग फोडून म्हणाली, "मी सांगणार व्हते. पर ती पोर म्हनली, मी सांगते. मला वाटलं सांगितलं आसल."

ऐकलंस? मी सांगते, असं तू म्हणालीस.

सायली, आता मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. कुसाचा दहावा आठवतो का? कोपरगावला गोदावरीवर. नेमकी संक्रांत. आभाळभर पतंग, आणि पिंडाला कावळा शिवेना. लोक म्हणाले, पतंगांना बुजलेत. कळवणहून लेक सरिता आली होती, तिनं सांगितलं, आई, मी अण्णांना सांभाळीन. नाही शिवला. मग मी पुढं झालो आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणालो, "कुसा, माझं चुकलं. तुझा हात दमला होता, मला कळलं नाही. मी त्या हाताला बोललो." रडलो मी, सगळ्यांनी पाहिलं. तरी नाही शिवला. कडुलिंबावर बसून नुसते बघत होते.

मग तू पुढं आलीस. वाकून, हात जोडून काहीतरी पुटपुटलीस. तू मागं सरकायच्या आत कावळा खाली आला.

सगळे म्हणाले, पोरीचा जीव होता तिच्यावर. मला वाटलं माझीच माफी जरा उशिरा पोचली. त्या आधारावर मी आठ वर्षं काढली. आता कळतंय की मी ज्याची माफी मागत होतो ते घडलंच नव्हतं. तिचा हात दमलाच नव्हता. मग ती कशासाठी अडली होती? तू काय बोललीस?

मेसेज नको. हातानं लिही.

गोरक्ष


येवला
१६ जानेवारी २०२६

सायली,

तुझं पत्र भोगीच्या दिवशी आलं. आठ वर्षांतलं पहिलं. चार पानं आहेत, पण मी एकच ओळ वाचली असं समज. "मी म्हणाले, वहिनी, मी दादांना सांगेन."

एवढ्यावर कावळा शिवला.

तू लिहितेस, आधी मी मोडलेलो होतो म्हणून तुला सांगवलं नाही. मग काम गाजलं आणि लोक विचारतील रेघ कोणाची, म्हणून सांगवलं नाही. मग फार उशीर झाला म्हणून. खरं लिहिलंस, त्याबद्दल तुला बोलणार नाही. पण पोरी, मला फसवलंस ते वेगळं, तू तिला फसवलंस. ती तुझ्या शब्दावर गेली. मी इकडं रोज जेवताना घास थांबवून 'मरता मरता' आठवत राहिलो, आणि तू तिकडं त्या रेघेसमोर उभी राहून भाषणं दिलीस. एक फोन. "दादा, वहिनींचा हात चुकला नव्हता." एवढं वाक्य मीटिंगच्या आधी बोलून झालं असतं.

तुला माफ केलं असं कुठंही लिहिलेलं सापडणार नाही, शोधू नकोस.

आता कामाचं. रोहित पुण्याहून आला तेव्हा मी त्याला महिन्यानं ये म्हणून रिकामा परत लावला. दोन्ही वस्तू ठेवून जावं लागलं, बिचारा रडकुंडीला आला होता. त्या महिन्यात मी रेशीम रंगवून आणलं, तेच डाळिंबी, आणि संक्रांतीच्या तीन दिवसांत सांधलं. हो, मीच. अख्खं गाव गच्चीवर पतंग उडवत होतं, हलकडी वाजत होती, आणि मी बोटाला राख लावून बसलो होतो. धागे द्यायला नवसाबाई. मला म्हणाली, "तुझी बोटं लाटण्यावानी हायेत." खरं आहे.

तुझा कागद समोर लावला होता. आणि तुला सांगतो, वाकडं सांधणं सरळ सांधण्याहून लय अवघड आहे. सरळ ओळीला डोळा पुरतो. वाकड्या ओळीला दर दहा धाग्यांना मोजावं लागतं. पहिल्या दिवशी माझे दोन वेळा चुकले, तोडून पुन्हा केले. तिला बोटांत स्पर्श नव्हता आणि तिनं हे चार दिवस केलं. दुसऱ्या दिवशी मी थांबून नवसाबाईला म्हटलं, "काय बाई होती!" ती म्हणाली, "आता म्हन."

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनशे चोविसाव्या चौकोनापर्यंत आलो. बावीसशे चाळीस धागे झाले, एकशेसाठ उरले. तुझा पुढचा आकडा पुसट झालाय, तीन की आठ कळेना. म्हटलं जुन्यावर बघू. खोका ओढला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तो ताणा कडेपर्यंत उलगडला. पापुद्रे पडले तर पडले.

बावीसशे चाळीसपर्यंत ओळ तुझ्या कागदाबरहुकूम पडत आली आहे. केसाचा फरक नाही. आणि तिथून पुढं ती एकदम वर जाते आणि सरळ होते. शेवटचे एकशेसाठ सांधे सरळ आहेत. फूटपट्टी ठेवून आखावेत तसे, तिच्या नेहमीच्या ओळीवर.

मला वाटलं चुकून उलटं धरलंय. नवसाबाईला दाखवलं. तिनं हात लावला, मोजलं, आणि म्हणाली, "ह्ये तू बोलून गेल्यावरचं."

मी गेल्यावर तिनं तुला 'कागद बाजूला सार' म्हटलं, असं नवसाबाई सांगते. डोळे पुसले नाहीत, काही नाही. राहिलेले धागे मालकाच्या मनासारखे सरळ सांधून टाकले. मी न बघता कापले. तू ती कड भिंतीकडे वळवून टांगलीस, फोटोत येऊ दिली नाहीस. तुझ्या चार पानांत याचा एक शब्द नाही, सायली. हेसुद्धा तू एकटीनंच ठेवून घेतलंस.

आठ वर्षं मी म्हणत होतो की खरं ते रेशीम, कागद खोटा. कुसाला जे करायचं होतं ते पुरतं फक्त तुझ्या कागदावर आहे. रेशमात माझा ओरडा आहे. किती वाजता ओरडलो तेसुद्धा मोजून सांगता येईल.

मी चहा प्यालो. राख पुन्हा लावली. आणि उरलेले एकशेसाठ कागदाप्रमाणे सांधले, पडत पडत, शेवटच्या धाग्यापर्यंत. आकडा आठ धरला. तीन असेल तर कळव, पण बदलणार नाही.

आज सकाळी रोहित सगळं घेऊन गेला. नवा ताणा, जुना ताणा, कागद. जुना खुशाल जाळा. फक्त त्याची शेवटची पट्टी, ते एकशेसाठ सरळ धागे, मी कापून घेतले. त्यात तुझं काही नाही आणि तिच्या मनाचंही काही नाही. ते माझे आहेत, माझ्याजवळ राहतील. तो म्हणाला, "काका, नियम..." मी म्हटलं, "नियम ज्यानं केला त्याला येवल्याला पाठव."

आणि कागद बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. कारण खाली, 'दादांना कळू द्यायचं नाही' याच्याखाली, मी एक ओळ लिहिली आहे. जीव कागदात असतो हे तूच मला शिकवलंस.

"सांधणी कुसाबाईची. शेवटचे एकशेसाठ गोरक्षनं तिला करू दिले नव्हते, ते त्यानं नंतर पुरे केले."

पेन्सिल सापडली नाही, पेनानं लिहिलंय. खोडायला जाऊ नकोस, कागद फाटेल.

गोरक्ष